वरच्या खोलीतलं घड्याळ

१

घरातली वीज चोरीला जाते आहे, असं कॅशियर म्हणाले. चोर कोण, तेही त्यांनी ठरवून टाकलं होतं. ती रात्रपाळीची नर्स होती, त्यांच्याच वरच्या खोलीत भाड्याने राहत होती, आणि येत्या रविवारी तिला सामानासकट बाहेर काढायचं होतं.

"तुम्ही फक्त येऊन बघा आणि चार ओळी लिहून द्या," ते फोनवर म्हणाले. "तुमच्या सहीला वजन आहे."

माझ्या सहीला आता काडीचंही वजन नाही. मी वीज कंपनीच्या भरारी पथकात होतो. तारांवर आकडे टाकून वीज चोरणाऱ्यांना पकडायचो, म्हणून लोक मला आकडेसाहेब म्हणायचे. आता निवृत्त होऊन गुडघे सांभाळत बसलोय. पण माझी पेन्शन इतकी वर्षं याच माणसाच्या खिडकीतून निघाली. बँक सुटून काळ लोटला तरी गल्लीत सगळे त्यांना कॅशियरच म्हणतात, आणि ते घरातल्यांशीसुद्धा मध्ये काच असल्यासारखेच बोलतात. नाही म्हणवेना. बायको म्हणाली, "जा, पण ऊन चढायच्या आत या." आमच्याकडे ऊन उतरतं कधी, ते एकदा तिलाच विचारायला हवं.

सकाळी पोचलो. फाटक उघडताना असं करकरलं की दोन घरं पलीकडचा कुत्रा उठून बसला. "तेल घाला की हो," मी म्हटलं. "तेलाला पैसे पडतात," कॅशियर म्हणाले, आणि ते विनोद करत नव्हते.

फाटकाशेजारीच मीटर होतं. त्याखाली मेन स्विचची लोखंडी पेटी, आणि पेटीला नवंकोरं कुलूप.

"कुलूप कशाला?"

"चोर घरातच असल्यावर कुलूप नको?"

त्यांनी कमरेची किल्ली काढून पेटी उघडून दाखवली. आतला दांडा हाताने घासून चकचकीत झाला होता. नोकरीत मी असल्या अगणित पेट्या उघडल्या, बहुतेकींत कोळ्याच्या जाळ्यांशिवाय काही नसायचं. किती टापटीप माणूस, असं मला तेव्हा वाटलं.

घरात शिरलो तर प्रत्येक बटणाखाली चिठ्ठी चिकटवलेली. एकीवर "गरज आहे का?", दुसरीवर "खरंच?", तिसरीवर "पुन्हा विचार करा". फ्रिजवर लिहिलं होतं, "काय काढायचं ते आधी ठरवा, मग उघडा". न्हाणीघरातला दिवाच काढून टाकला होता, तिथे विचार करायलाही सवलत नव्हती. बैठकीच्या भिंतीवर मात्र विजेवर चालणारं, लाल आकड्यांचं एक छान घड्याळ होतं. निवृत्तीच्या वेळी अशी दोन घड्याळं मिळाली, एक शाखेकडून आणि एक युनियनकडून, असं कॅशियर अभिमानाने म्हणाले. एक इथे लावलं, दुसरं भाडेकरणीच्या खोलीत. मी माझं मनगटी घड्याळ पाहिलं. मिनिटाचा फरक नव्हता.

मग त्यांनी बिलं काढली. एवढी काटकसर करूनही आकडा दर महिन्याला वाढत होता. नर्स राहायला आली त्याच महिन्यापासून ही वाढ सुरू झाली होती, आणि ती थांबायचं नाव घेत नव्हती.

"आता गंमत बघा," असं म्हणत त्यांनी घरभर फिरून एकूण एक बटण बंद केलं. फ्रिजची पिन काढली. मुलगा आत कॉम्प्युटरवर काम करत होता, त्यालाही ओरडून सगळं बंद करायला लावलं. मी जिन्याच्या कठड्याला टेकून त्यांची धावपळ बघत होतो. जिन्याखाली एक बंद कपाट होतं. त्याला हात लागला आणि चटका बसला. या दिवसांत काय तापलेलं नसतं म्हणा. कपाटातून आंबूस वास येत होता, जुने बूट कोंबले असतील असं वाटलं.

आम्ही बाहेर मीटरपाशी आलो. घरात एकही गोष्ट चालू नव्हती, तरी मीटरवरचा छोटा लाल दिवा भराभर लुकलुकत होता. म्हणजे वीज चालली होती.

"खाली सगळं बंद," कॅशियर माझ्या कानाशी येऊन म्हणाले. "मग ही वीज जाते कुठे? वर!"

तेवढ्यात फाटक करकरलं आणि चोर आत आली.

२

तिला बघून मला पहिल्यांदा काही वाटलं असेल तर ते हे, की ही पोरगी उभ्या उभ्या झोपेल. डोळे लाल, खांद्यावर पिशवी, पायातल्या चपला ओढत चालणं. गल्लीत तिला सगळे सिस्टर म्हणतात, म्हणून मीही म्हणेन.

"काका, तुम्हीच ना ते वीजवाले?" ती म्हणाली. "या वर, काय बघायचं ते बघून घ्या. मला झोपायचंय."

तिने वाकडं बोलायला हवं होतं. पण भांडायलाही अंगात काही लागतं, ते तिच्यात उरलं नव्हतं.

खोली गच्चीला लागून होती. डोक्यावर उघडा काळपट स्लॅब, दिवसभर तापून रात्रभर उष्णता सोडणारा. आत एक खाट, एक पंखा, एक दिवा, एक खुर्ची. मी वायर तपासली, पंख्याची वाटी उघडली, खाटेखाली वाकून पाहिलं. गुडघ्यांनी मला शिव्या घातल्या. काहीही चालू नव्हतं. शेगडी नाही, इस्त्री नाही, हिटर नाही. चालू होतं ते फक्त भिंतीवरचं घड्याळ, युनियनने दिलेलं. ते भलतीच वेळ दाखवत लुकलुकत होतं.

"हे बिघडलंय का?"

"रोज लावते, रोज बिघडतं. आता नाद सोडलाय. या भागात दुपारी वीज जाते ना, बारा ते चार."

"रोज?"

"रोज. खोली घेतली तेव्हा मालकांनी सांगितलंच होतं. भारनियमन आहे, दुपारचं सहन करावं लागेल म्हणाले." ती खाटेच्या कडेला बसली. "मला वाटलं, करू सहन. पण काका, मी सकाळी येते, अंघोळ करून जरा डोळा लागतो न लागतो तोवर पंखा बंद. मग ही खोली भट्टी होते. खालच्या काकू बिचाऱ्या रोज पंखा जायच्या जरा आधी ओली चादर आणि गार पाणी आणून देतात. त्यांच्या जिवावर तगलेय."

मी खिडकीशी उभा राहिलो, वारा लागेल म्हणून. तो लागला नाही.

"खाली जाऊन का बसत नाही दुपारी?"

"दुपारी खालची मंडळी झोपतात. त्या वेळी खाली उतरायचं नाही, असं ठरलंय." मग ती एकदम बोलली, "मागच्या आठवड्यात माझ्या हातून दोन खाटांची औषधं अदलाबदल झाली. दुसऱ्या सिस्टरने वेळेत पाहिलं, म्हणून त्या म्हाताऱ्या बाईला काही झालं नाही. मेट्रन म्हणाल्या, पुढची चूक शेवटची. मला झोप मिळत नाही हे कुणाला सांगू? आणि रविवारी ही खोली गेली तर रात्रपाळीच्या एकट्या बाईला दुसरी कोण देणार? मी महिनाभर हिंडले तेव्हा ही मिळाली होती."

मला वाईट वाटलं. नोकरीत खूप रडणं ऐकलं, पकडलेला प्रत्येक जण रडायचा. ही रडत नव्हती.

"एकच सांगा," ती म्हणाली. "यात मी चोरी कशी करते? दिवसा वीज नसते, रात्री मी नसते."

मी जिना उतरताना हेच घोकत होतो. तिचा एक पंखा, तोही अर्धा दिवस बंद. त्यावर एवढं बिल चढायचं म्हणजे त्या पंख्याने अख्खं गाव गार करायला हवं होतं.

३

राहिले दोघं, कॅशियरचा मुलगा आणि त्यांची बायको, आमच्या वहिनी.

मुलगा कानाला हेडफोन लावून बसला होता. त्याच्या खोलीत एसी होता आणि मला आशा वाटली. एसी इतका थंड ठेवला होता की पोरगा चादर पांघरून काम करत होता. खिडकीचा पडदा उघडा, ऊन थेट आत. जाळी काढून पाहिली तर तिच्यावर बोटभर धूळ.

"हा कधीपासून आहे?"

"झाली की बरीच वर्षं. पण दुपारी बंदच असतो, काका. दुपारी वीज जाते ना. तेवढा वेळ पंख्यावर काढतो."

"आणि कॉम्प्युटर?"

"तो चालू राहतो. एकदा टीं असं वाजतं, जरा लुकलुकतं, की पुढे सुरू." असं म्हणून त्याने हेडफोन पुन्हा कानावर ओढले. जगात काय चाललंय याची त्याने फारशी चौकशी केलेली दिसत नव्हती.

एसी उधळा होता यात शंका नाही. पण तो आधीपासून उधळा होता. बिल वाढलं ते अलीकडे. माझा संशयित हातातून निसटला.

वहिनी मागच्या पायरीवर रोपांना पाणी घालत होत्या. पांढऱ्या प्लास्टिकचे डबे वरून कापून त्यांत रोपं लावली होती. पायरीच्या दोन्ही बाजूंना डबेच डबे, सगळे एकाच जातीचे, प्रत्येकावर पाण्याच्या थेंबाचं चित्र. मागच्या रांगेतले जुने डबे उन्हाने पिवळे पडले होते, ते मोजकेच होते. पुढचे सगळे पांढरेशुभ्र.

"बाग वाढली की, वहिनी."

"मोकळे डबे टाकवत नाहीत, भाऊजी. आता तर फारच निघतात." बोलता बोलता त्या थांबल्या. "चहा टाकू?"

"डबे कसले?"

"ह्यांचं काहीतरी असतं. मला आणायला सांगतात, मी आणते." त्यांनी तांब्या उगाच खाली ठेवला, उगाच उचलला. त्यांचा चेहरा वर झोपलेल्या पोरीइतकाच दमलेला होता. इतकी वर्षं कॅशियरचा संसार करणं हीसुद्धा रात्रपाळीच आहे.

"वहिनी, ती मुलगी वीज चोरते असं तुम्हाला वाटतं?"

"नाही," त्या चटकन म्हणाल्या.

"मग कोण?"

त्या आत गेल्या, फ्रिजमधून गार पाण्याची बाटली काढली, बादलीत चादर बुडवून पिळली आणि जिना चढून वर गेल्या. मी बैठकीत येऊन पंख्याखाली बसलो. कॅशियर घरात दिसेनात.

वहिनी वरून उतरतात न उतरतात तोच कुठूनतरी टीं असा आवाज आला. डोक्यावरचा पंखा क्षणभर अडखळला आणि पुन्हा फिरू लागला. जिन्याखालून बारीक घरघर ऐकू यायला लागली. फाटकाकडून कॅशियर घाम पुसत आले, किल्ली कमरेला खोचत.

"वीज गेली," ते म्हणाले. "रोजचंच आहे."

४

डोकं चालेना, म्हणून मी समोर शिंप्याच्या दुकानात जाऊन बसलो. हा शिंपी माझे पायजमे शिवतो आणि दर वेळी कमरेत ढिले करतो. त्याने चहा मागवला. ऊन अगदी रस्त्यावर बसलेलं होतं. मी समोरच्या घराकडे बघत, घाम पुसत, आता कॅशियरना काय सांगायचं याचा विचार करत होतो.

चहा अर्धा झाल्यावर माझ्या लक्षात आलं की मघापासून कानावर पडतोय तो शिलाई मशीनचा आवाज आहे. मशीन मोटरवर चाललं होतं.

"तुझ्याकडे वीज आहे?"

"म्हणजे काय?"

"समोर गेलीय ती."

शिंप्याने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "आपला खांब एकच आहे, साहेब. समोर गेली तर माझीपण जायला हवी. या उन्हाळ्यात वीज गेली ती एकदाच, वादळात झाड पडलं तेव्हा. दुपारची कसली जाते?"

मी पेला खाली ठेवला.

खरं तर मला सकाळीच कळायला हवं होतं. मी कंपनीत केस पांढरे केले. आमचं भारनियमन आयुष्यात कधी ठरल्या वेळी झालं नाही. दोनला सांगितलं तर चारला जायची, तासाने येते म्हटलं तर उजाडायचं. रोज बाराच्या ठोक्याला जाऊन चारला परत येणारी वीज कंपनीची नव्हे. ती कुणा शिस्तीच्या माणसाची असते.

मग एकेक गोष्ट आपोआप येऊन बसायला लागली. एकसारखी दोन घड्याळं. वीज गेली की असलं घड्याळ वेळ विसरतं आणि लुकलुकत राहतं. वरचं लुकलुकत होतं. खालचं मिनिटाला मिनिट बरोबर. दोन्ही एकाच मीटरवर असून एकाची वीज रोज जात होती आणि दुसऱ्याची जात नव्हती. मेन स्विचचा चकचकीत दांडा. तापलेलं कपाट, त्यातला आंबूस वास. पांढऱ्या डब्यांची ती सगळी बाग. आणि वहिनींची ओली चादर, जी पंखा थांबायच्या आधी तयार असायची.

मी उठलो. चोर सापडला होता. त्याने सकाळी स्वतःच्या हाताने पेटी उघडून मला हत्यारसुद्धा दाखवलं होतं.

५

"लिहिताय ना चार ओळी?" कॅशियरनी विचारलं. कागद आणि पेन त्यांनी तयारच ठेवलं होतं.

"वहिनींना बोलवा. मुलालाही. आणि जिन्याखालचं कपाट उघडा."

"त्यात काय आहे? इन्व्हर्टर आहे, जुना."

"तोच बघायचाय."

कपाट उघडलं आणि आंबूस वाफेचा भपकारा आला. इन्व्हर्टर घरघरत होता. खाली बॅटरी, कडा फुगलेल्या, तारांच्या टोकांवर हिरवट बुरशीसारखे थर. बाजूला पांढरा डबा, थेंबाचं चित्र असलेला. बॅटरीत घालायचं पाणी.

"चांगली बॅटरी असलं पाणी वर्षातून एकदोनदा मागते," मी म्हटलं. "तुमची गटागटा पितेय. वहिनींच्या रोपांकडे बघितलं तरी कळतं."

मग मी खुर्चीत बसलो, कारण उभं राहून बोलायची ताकद नव्हती. म्हटलं, "कॅशियर, तुम्ही रोज बाराला मेन स्विच बंद करता. चारला चालू करता. मध्ये खालचे पंखे इन्व्हर्टरवर चालतात. वरच्या खोलीला इन्व्हर्टरची लाइनच नाही. हो की नाही?"

मुलाने हेडफोन काढले. मला वाटतं, त्या घरात ते पहिल्यांदाच घडत होतं.

"मग?" कॅशियर म्हणाले. "बचत आहे ती! बॅटरीतली वीज फुकटची. पंखे फिरतात आणि मीटर थांबतं. मी रोज फाटकात उभा राहून बघतो, दिवा एकदासुद्धा लुकलुकत नाही. इतकं शांत वाटतं मला."

"आणि चारनंतर बघता?"

"चारनंतर मी फिरायला जातो."

हसावं की रडावं ते कळेना. "अहो, बॅटरीत वीज आली कुठून? मीटरमधूनच ना? पंख्याला सरळ दिली असती तर पंख्यापुरतीच लागली असती. तुम्ही ती आधी या गळक्या हंड्यात भरता, मग त्यातून पंख्याला देता. निम्मी वाटेतच सांडते. पूर्वी ही बॅटरी कधीमधी लागायची, म्हणून टिकली. तुम्ही तिला रोज पार रिकामी केलीत, ती मेली. आता ती भरतच नाही. चारपासून दुसऱ्या दिवशी बारापर्यंत वीज ओढत बसते, पाणी उकळवते आणि जिना तापवते. सकाळी सगळं बंद केलं तरी मीटर का पळत होतं? आपण सगळं बंद केलं, हे कपाट सोडून."

कॅशियर कपाटाकडे बघत राहिले. हिशोब त्यांना कळत होता, तेच त्यांचं दुखणं होतं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पैशात चूक न केलेला माणूस रोज स्वतःच्या हाताने चूक करत आला होता आणि तिच्यासमोर उभा राहून समाधान मानत होता.

"पण तुम्ही हे सुरू केलंत ते ती आल्यावर," मी म्हटलं. "आणि तिला सांगितलंत भारनियमन. का?"

त्यांनी कपाटाचं दार लोटलं आणि म्हणाले, "भाड्यात वीज धरली होती. तोंडाने कसं म्हणायचं, पंखा लावू नका? आणि दिवसा, भर दुपारी, पंखा लावून झोपायचं म्हणजे..."

"रात्रभर उभी असते ती," वहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज मोठा नव्हता. पण कॅशियरनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं.

त्याच वेळी जिन्यावर चपला वाजल्या. आमचा आवाज वर गेला असणार. सिस्टर दारात उभी होती, खांद्यावर ओली चादर, केस कपाळाला चिकटलेले.

"माफ करा, दुपारची खाली आले. वीज कधी येणार ते..."

ती तिथेच थांबली. तिची नजर आमच्या कुणाकडे नव्हती. ती वर बघत होती, बैठकीच्या पंख्याकडे. पंखा मजेत फिरत होता. तिने मुलाच्या खोलीकडे पाहिलं, तिथेही पंखा फिरत होता. पुन्हा वर पाहिलं. मी चोर पकडले, गुंड पकडले, एकदा एक नगरसेवकही पकडला, पण एवढी लाज मला कुणासमोर वाटली नव्हती. आणि मी तर काही केलंही नव्हतं.

"इथे आहे," ती म्हणाली.

मग ती वहिनींकडे वळली.

"काकू, तुम्हाला माहीत होतं?"

वहिनींचे डोळे भरून आले. "होतं गं. मी म्हणत होते त्यांना. रोज म्हणत होते. मग म्हणायचं सोडलं आणि चादर भिजवायला लागले."

सिस्टरने मान हलवली. मला वाटलं आता ती ओरडेल, निदान चादर फेकून देईल. ती दाराच्या चौकटीला टेकली. "संध्याकाळी मला ड्यूटी आहे," ती म्हणाली. "मला आत्ता फक्त झोपायचंय. बाकीचं नंतर बोलू. रविवारी जायचं असेल तर जाईन, पण आज झोपू द्या."

वहिनी कॅशियरसमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी हात पुढे केला. "किल्ली."

"अगं, पण..."

"किल्ली द्या म्हटलं ना."

त्यांनी कमरेची किल्ली काढून दिली. पैसे मोजून द्यायची सवय असलेला माणूस ती देताना चाचपडला. वहिनी उन्हात तशाच फाटकाशी गेल्या. टीं वाजलं, जिन्याखालची घरघर थांबली, आणि वरून खड खड आवाज आला. वरचा पंखा सुरू झाला होता. वहिनी परत आल्या आणि त्यांनी किल्ली सिस्टरच्या मुठीत ठेवली.

"ही तुझ्याकडे. रविवारी तू कुठे जाणार नाहीस. रविवारीसुद्धा झोप."

ती वर गेली. खाटेचा एकदा आवाज झाला, मग फक्त पंख्याचा.

"पण मग बिल..." कॅशियर नेहमीच्या खणखणीत आवाजात म्हणाले. वहिनींनी ओठांवर बोट ठेवलं आणि वर दाखवलं. ते सरकून माझ्याजवळ आले आणि कुजबुजले, "पण मग बिल कमी कसं करायचं?"

मीही कुजबुजत सांगितलं. ही बॅटरी आधी भंगारात द्या. गच्चीला पांढऱ्या चुन्याचे दोन हात मारा, वरची खोली आणि खालचं घर दोन्ही थंड राहील. पोराच्या एसीची जाळी धुवा, पडदा लावा, आणि चादर घ्यावी लागेल एवढा गार ठेवू नका. फ्रिज भिंतीला घासून ठेवलाय तो पुढे ओढा, त्यालाही श्वास घेऊ द्या. पंख्याचं म्हणाल तर माणसाला झोपवणाऱ्या पंख्याएवढी स्वस्त गोष्ट तुमच्या घरात दुसरी नाही. मुलगा मान डोलवत होता. कॅशियर सगळं बोटांवर मोजत होते, पण तोंडातून आवाज काढत नव्हते.

"आणि भंगारवाला काही देईल का हिचे?" त्यांनी हळूच विचारलं.

त्यांनी माझ्यासाठी ठेवलेला कागद तसाच कोरा होता. चार ओळी कबूल केल्या होत्या, म्हणून मी एक लिहिली, सही केली आणि डिंकाची बाटली मागितली. निघताना तो कागद मेन स्विचच्या पेटीवर चिकटवला. "हात लावण्याआधी वर कोण झोपलंय ते आठवा."

कॅशियरनी तो वाचला. काढायला हात पुढे करतील असं वाटलं, पण त्यांनी फक्त एक सुटलेला कोपरा अंगठ्याने दाबला.

पाय दुखत होते, डोकं दुखत होतं, आणि घरी जाऊन उशीर का झाला हे सांगायचं होतं. मी फाटकाला हात घातला.

"थांबा," कॅशियर घाईने कुजबुजले. "ते करकरतं."

त्यांनी ते जड फाटक दोन्ही हातांनी उचललं, मानेच्या शिरा ताणून अलगद उघडलं, आणि मी रस्त्यावर पोचेपर्यंत तसंच उचलून धरलं.